‘नवी’ हार्ड डिस्क खरंच नवी आहे का? घेण्याआधी आणि घेतल्यावर काय तपासायचं

वळसंगचा माझा एक मित्र लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढतो. गेल्या सीझनला त्याने ऑनलाइन एक हार्ड डिस्क मागवली. ‘सीलबंद, नवीन’ असं लिहिलेलं आणि किंमत बाजारापेक्षा बरीच कमी. गावी गेलो तेव्हा म्हणाला, ‘जरा बघ रे, दोन लग्नांचा डेटा टाकायचाय.’ सॉफ्टवेअरमध्ये डिस्क फक्त ११ तास चाललेली दिसत होती. पण कनेक्टरवर ओरखडे होते. मोबाइलवरून कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला, तर वॉरंटी केव्हाच संपलेली!

हे फक्त त्याच्याच बाबतीत घडलं असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीच्या ‘हाइझे’ या टेक माध्यमाने असाच प्रकार उघड केला. नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या अनेक डिस्क आधी १५ हजार ते ५० हजार तास चाललेल्या निघाल्या. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे काही डिस्क पाच वर्षांहून जास्त राबलेल्या! यातल्या बऱ्याच डिस्क चीनमधल्या ‘चिया’ या क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमधून आल्याचा अंदाज होता. चियाला डिस्कवरची जागा लागते. २०२१ मध्ये त्याची हवा होती, पुढे नफा आटला आणि डिस्क बाजारात आल्या. मे २०२५ मध्ये मलेशियात एका गोदामावर छापा पडला, तेव्हा अशा शेकडो डिस्क सापडल्या.

फसवणूक होते कशी? प्रत्येक डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची नोंदवही असते. डिस्क किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, हे त्यात लिहिलेलं असतं. जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवतात ना, तसंच हे आकडे शून्यावर आणले जातात. सीगेटच्या डिस्कमध्ये मात्र ‘फार्म’ नावाची दुसरी नोंद असते. ती खोडायची राहिली आणि बिंग फुटलं.

मग आपण काय करायचं?

१. सील फोडण्यापासून व्हिडिओ काढा. कनेक्टरवर ओरखडे, स्क्रूच्या खुणा, लेबलवर खाडाखोड दिसते का बघा.

२. मोबाइलवरूनच कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी तपासा. दुकानातून घेत असाल, तर पैसे देण्याआधीच.

३. विंडोज असेल तर ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर टाका. ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टर शून्य हवेत.

४. डिस्क सीगेटची असेल तर ‘स्मार्टमॉनटूल्स’ची ७.४ किंवा पुढची आवृत्ती वापरून फार्मची नोंद काढा. दोन्हीकडचे तास जवळपास सारखे हवेत. मोठा फरक असेल तर काहीतरी गडबड आहे. आकडे जुळले म्हणजे खात्री झाली असंही नाही. एक नोंद खोडता येते तर दुसरीही येऊ शकते. म्हणून चारही गोष्टी तपासा.

जुनी डिस्क घेणं वाईट नाही. जुनी म्हणून, जुन्याच्या किमतीत घ्या आणि सिनेमे ठेवा. प्रश्न खोटं सांगून विकण्याचा आहे. नवी समजून आपण तिच्यावर एकमेव कॉपी ठेवतो, आणि लग्न काही परत शूट करता येत नाही.

फसलात तर बिल, व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा, नाही ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही.

मित्राला पैसे परत मिळाले, कारण बिल होतं आणि परत करायची मुदत संपायला दोन दिवस बाकी होते. आता त्याच्याकडे प्रत्येक लग्नाच्या दोन कॉपी असतात, दोन वेगळ्या डिस्कवर. तुमच्याकडे किती आहेत?