हार्मोनची तांबी : किती सोसायचे, केव्हा दवाखाना गाठायचा?



रविवारची वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर बायका घटकाभर टेकतात. मागच्या खेपेला एका वहिनीने मला बाजूला घेतले. म्हणाली, "ताई, पाळीत अंगावरून फार जायचं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी हार्मोनची तांबी बसवली. चार महिने झाले, सारखे डाग लागतात. कामावर जीव नकोसा होतो. शेजारीण म्हणते, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल."

हा प्रश्न एकट्या वहिनीचा नाही, म्हणून आज या सदरात त्यावरच लिहिते.

ही तांबी म्हणजे इंग्रजी 'टी' अक्षरासारखी प्लास्टिकची इवलीशी वस्तू. तिच्यात तांबे नसते, लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचे हार्मोन असते. नेहमीच्या प्रकारात ते ५२ मिलिग्रॅम भरलेले असून सुरुवातीला रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम सुटते. त्याने गर्भपिशवीचे आतले अस्तर पातळ राहते आणि पिशवीच्या तोंडाशी चिकट स्राव घट्ट होतो. त्यामुळे दिवस जात नाहीत आणि रक्तस्रावही घटतो. सरकारी दवाखान्यात मोफत बसते ती तांब्याची. तिने पाळी जास्त जाऊ शकते. हार्मोनची तांबी बहुधा विकत घ्यावी लागते आणि तिला काही हजार रुपये पडतात. म्हणून घाईने बसवू नये, आणि घाईने काढूही नये.

आता त्रासाविषयी. पहिले तीन ते सहा महिने पाळीचा नेम राहत नाही. मधेच डाग लागतात, कधी दिवस लांबतात. अस्तर पातळ होईपर्यंत असे चालते, पुढे बहुतेकींचा स्राव कमी होतो. वर्षभरात साधारण पाचातल्या एकीची पाळी थांबते. तेव्हा घरात कुजबुज सुरू होते की घाण रक्त आत साठले. भगिनींनो, काहीही साठत नाही. अस्तरच तयार होत नाही, तर बाहेर काय येणार? मात्र पाळी थांबली आणि मळमळ किंवा पोटदुखी असेल, तर लघवीची तपासणी करून दिवस गेले नाहीत ना, एवढी खात्री करावी.

काहींचे डोके दुखते, छाती हुळहुळते, तोंडावर पुटकुळ्या येतात. काहींच्या अंडाशयावर पाण्याच्या गाठी दिसतात. त्या बहुधा आपोआप जिरतात. सोनोग्राफीत 'गाठ' हा शब्द ऐकून लगेच ऑपरेशनला होकार देऊ नका. काहींचे मन उदास राहते. त्याला "नखरे" म्हणून उडवू नये, डॉक्टरांना सांगावे.

स्तनाच्या कर्करोगाविषयीही खरे तेच सांगते. डेन्मार्कमधील मोठ्या अभ्यासात (२०२४) ही तांबी वापरणाऱ्या दर १० हजार स्त्रियांमागे सुमारे १४ रुग्ण जास्त आढळल्या. वाढ लहान आहे, पण माहीत असावी. जिला हा कर्करोग आहे किंवा होऊन गेला, तिने ही तांबी टाळावी.

पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र थांबू नका :

१) ओटीपोटात सतत किंवा जोराची कळ, थंडीताप, दुर्गंधीचे पाणी जाणे. जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या तीन आठवड्यांत जास्त असतो.

२) दोरा हाताला न लागणे, एकदम लांब लागणे किंवा टणक टोक टोचणे. तांबी सरकलेली किंवा पडलेली असू शकते. हजारात एखाद-दुसरीच्या बाबतीत ती बसवताना पिशवीला भोकही पडते.

३) तांबी असूनही दिवस गेल्याची शंका. असे क्वचितच होते, पण झाले तर गर्भ नळीत असू शकतो. त्यात जिवाला धोका असतो.

४) तासाला एक घडी भिजेल इतका रक्तस्राव, चक्कर येणे.

या तांबीने एड्स वा गुप्तरोग टळत नाहीत, त्यासाठी निरोधच हवा.

वहिनीला मी सांगितले : चार महिन्यांचे डाग ठरलेल्या काळातलेच आहेत, तरी एकदा दोरा तपासून घे, रक्त किती आहे तेही बघून घे. सहा महिन्यांनंतरही सोसवले नाही, तर काढून मागणे हा तुझा हक्क आहे. त्याला नवऱ्याची सही लागत नाही. काढल्यावर लगेच दिवस जाऊ शकतात, म्हणून दुसरे साधन आधी ठरव.

पण शेजारणीच्या सल्ल्याने पिशवी काढू नकोस. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींचे उदाहरण आपल्यासमोर आहे. २०१९ साली सरकारी पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या, त्यांत तरुण मुलीही होत्या. पाळीमुळे मजुरी बुडू नये, म्हणून अनेकींनी अवयवच गमावला. जास्त स्रावावर गोळ्या आहेत, ही तांबी आहे. ऑपरेशन हा शेवटचा उपाय, आणि तोही दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावर.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांचे त्यावरील भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवले. ठराव मंजूर झाला नाही, पण वारंवारच्या बाळंतपणात झिजणाऱ्या बाईचे दुःख सभागृहात मांडले गेले. आज साधने दारी आली आहेत. पण बाईला विचारल्याशिवाय, समजावल्याशिवाय ती बसवली, तर ते नियोजन कसले? तपासून, समजून स्वीकारा ही तथागतांची शिकवण दवाखान्यातही लागू आहे. तांबीचे कार्ड जपून ठेवा, त्यावरची मुदत पाहा आणि शंका असेल तिथे न लाजता विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!