गावाची शिरगणती गावाच्याच वहीत हवी

खेड्याचा इतिहास म्हणजे पाटलाचा वाडा, देवळातला शिलालेख आणि कोणा सरदाराची समाधी, असे शहरातील विद्वान आम्हांस आजवर सांगत आले. आणि खेड्याची लोकसंख्या म्हणजे काय, तर सरकारी बुकातील एक आकडा! या दोहोंत रयतेचे खरे वर्तमान कोठेच सापडत नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचेच उदाहरण घ्या. आज ते पिंपरी-चिंचवड शहरात विरून गेले आहे व शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. परंतु शंभर वर्षांपूर्वी ते लहानसे शेतकरी गाव होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन यांनी तेथे बारकाईने चौकशी करून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील हिशेब पाहा. १७७१ साली दर खात्यास सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकर झाली, आणि १९१५ साली अवघी ७ एकर उरली! १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत फाटली होती; त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहून लहान होते.

वाचकहो, गावाचा खरा इतिहास तो हा! नुसती डोकी मोजून हे कळले असते काय? डोक्यांपुढे जमीन मांडली, तेव्हाच ते उघडे पडले. गावोगावचे जमिनीचे कागद तर पिढ्यान् पिढ्या कुलकर्ण्याच्या दप्तरात होते; पण ज्याची जमीन त्यास अक्षरओळख नव्हती. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला व शाहू छत्रपतींनी १९१८ साली कोल्हापुरात कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, ते उगीच नव्हे.

कोणी म्हणेल, कुलकर्णी गेला, आता तक्रार कसली? तक्रार ही, की १९३१ नंतर साऱ्या देशाची सर्व जातींची शिरगणती प्रसिद्धच झाली नाही. २०२१ ची जनगणनाही वेळेवर झाली नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जाती मोजण्याचे ठरविले, आणि पुढे १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख जाहीर केली. ठीकच झाले. परंतु आम्हां शिक्षकांनी दारोदार फिरून माहिती भरावी, ती वर जावी, आणि गावाच्या हाती पुन्हा एक आकडा यावा, हे आम्हांस मान्य नाही.

प्रत्येक ग्रामसभेने स्वतःची वही घालावी. घरे किती, माणसे किती, कोणत्या जातीकडे किती जमीन, भूमिहीन किती, पोटासाठी गाव सोडून गेले किती, हे तीत लिहावे. कोणाचे नाव उघड करू नये. बेरीज मात्र चावडीवर लावावी. आमच्यातलेच बडे बागायतदार यास आडवे येतील, कारण बेरजेत त्यांचेही एकर दिसतील. दिसू द्या! भूमिहीन बांधवाचा हिशेब झाकून बहुजनसमाजाचे नाव घेणे कोणासही शोभत नाही.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. एक कोरी वही आणि स्वच्छ अक्षराचा एक तरुण, याहून अधिक भांडवल या कामास लागत नाही.