रिकाम्या शंखाची साक्ष

समुद्रकाठची मूठभर वाळू बारीक चाळणीतून गाळून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की तिच्यातले काही कण वाळूचे नाहीतच, हे लक्षात येते. ते शंख असतात. पूर्ण वाढलेले, वेढे आणि कंगोरे असलेले, पण तांदळाच्या कणीहूनही लहान. त्यातला एखादा आजवर नोंदलेल्या कोणत्याही प्रजातीशी जुळत नाही, तेव्हा अभ्यासकापुढे पेच उभा राहतो. आतली गोगलगाय केव्हाच मरून गेलेली असते. तिचे शरीर नाही, दात नाहीत, डीएनए मिळेलच याची खात्री नाही. उरलेले असते ते फक्त घर. या रिकाम्या घरावरून त्याच्या मालकाचे बारसे करावे का?

हा वाद प्रयोगशाळेपुरता वाटेल, पण त्याची व्याप्ती मोठी आहे. प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर फिलीप बुशे आणि सहकाऱ्यांनी अवघ्या २९५ चौरस किलोमीटरचा सागरी पट्टा पिंजून काढला. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेवढ्याशा जागेत शंख-शिंपल्यांच्या २,७३८ प्रजाती सापडल्या होत्या. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश प्रजातींची पूर्ण वाढ ४.१ मिलिमीटरपेक्षा कमी होती. एक पंचमांश प्रजातींचा एकेकच नमुना हाती लागला आणि चतुर्थांशाहून अधिक प्रजाती केवळ रिकाम्या शंख-शिंपल्यांच्या रूपात भेटल्या. म्हणजे ‘जिवंत प्राणी दाखवा, मगच नाव देऊ’ असा हट्ट धरला, तर समुद्रातील जैवविविधतेचा मोठा हिस्सा कागदावर येणारच नाही.

शिवाय शंख हा मुका साक्षीदार नव्हे. गोगलगाय वाढते तशी शंखाच्या कडेला नवी भर पडत जाते, पण जुना भाग मोडून टाकला जात नाही. त्यामुळे अंड्यात किंवा अळी अवस्थेत तयार झालेला पहिला इवलासा शंख मोठ्या शंखाच्या टोकावर तसाच राहतो. हा आद्यशंख बारीक, अनेक वेढ्यांचा असेल, तर अळी पाण्यात तरंगत, खातपीत दूरवर गेली असणार, असा अंदाज बांधता येतो. तो बोथट, मोठा आणि एक-दीड वेढ्याचा असेल, तर पिल्लू बहुधा पोहण्याचा टप्पा गाळून अंड्यातून थेट रांगतच बाहेर पडले, असे समजतात. हा तपशील महत्त्वाचा आहे. ज्या प्रजातीची पिल्ले दूर जात नाहीत, तिचा पसारा सहसा लहान असतो आणि तेवढी एक खाडी वा खडक उद्ध्वस्त झाला तर ती कायमची संपू शकते. मेलेल्या गोगलगाईच्या शंखाचे टोक तिच्या बालपणाबरोबरच तिच्या भवितव्याबद्दलही काही सांगते ते असे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे हे टोक, त्यावरच्या रेषा आणि खड्डे आता स्पष्ट दिसतात.

मात्र या साक्षीला मर्यादाही आहेत. मोठ्या प्रजातीचे पिल्लू आणि लहान प्रजातीचा प्रौढ यांत गल्लत होऊ शकते. वाढ पूर्ण झाल्यावर अनेक प्रजातींत शंखाच्या मुखाची कड जाड होते, पण सगळ्यांत नाही. लाटांनी घासलेल्या शंखावरची नक्षी पुसली जाते. दूरच्या नात्यातल्या दोन कुळांचे शंख हुबेहूब सारखे असू शकतात आणि एकाच प्रजातीचे शंख जागेनुसार बदलू शकतात. अन्न खरवडणाऱ्या दातांची पट्टी, शरीररचना आणि डीएनए पाहिल्यावर जुनी वर्गवारी कोलमडल्याची उदाहरणे या शास्त्रात पुष्कळ आहेत. रिकामा शंख प्रवाहाबरोबर वाहत येतो किंवा शंखातला खेकडा तो पाठीवर वाहून नेतो. म्हणून तो जिथे सापडला तिथेच प्राणी राहत होता, असेही ठामपणे म्हणता येत नाही.

यावर उपाय नाव न देण्याचा नाही. नाव देताना पुरावा जपण्याचा आहे. प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता शंखावरून नाव देण्यास मनाई करत नाही. पण २००० सालापासून नव्या प्रजातीसाठी एक प्रमाण-नमुना ठरवणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाणार हे सांगणे तिने बंधनकारक केले आहे. उद्या कुणाला शंका आली, तर त्याने वर्णनावर विसंबू नये, तो नमुना काढून पाहावा, हा त्यामागचा हेतू. भारताच्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानेही नव्या प्रजातीचा नमुना नियुक्त संग्रहात जमा करण्याचे बंधन घातले आहे. अशा नमुन्यासोबत शंखाचे वर्णन म्हणजे पुढच्या संशोधकासाठी उघडी ठेवलेली फाइल असते. जिवंत प्राणी मिळाला की तिच्यात भर पडते, चूक निघाली तर नाव रद्द होते.

नाव नसण्याची किंमत मात्र मोठी असते. हिंदी महासागराच्या तळाशी, उष्णजलाच्या झऱ्यांजवळ राहणारी, पायावर लोहयुक्त खवले असलेली गोगलगाय २००१ मध्ये सापडली. तिचे शास्त्रीय नाव रीतसर प्रसिद्ध झाले ते २०१५ मध्ये. त्यानंतर चार वर्षांनी, खोल समुद्रातील संभाव्य खाणकामाच्या धोक्यामुळे, तिची नोंद संकटग्रस्त प्रजातींच्या जागतिक यादीत झाली. ती चांगली काही सेंटिमीटरची आणि जगभर गाजलेली, तरी एवढा काळ गेला. दोन मिलिमीटरच्या अनाम शंखाची वकिली कोण करणार? बंदर, जेटी किंवा गाळ-उपशाच्या प्रकल्पासाठी पर्यावरण अहवाल तयार होतो, तेव्हा त्यात नाव असलेल्या प्रजातींची यादी जोडली जाते. नाव नसलेला जीव तिथे नसल्यातच जमा असतो.

प्रश्न आरोग्याचाही आहे. १९५० च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात लघवीवाटे रक्त जाण्याच्या आजाराचे रुग्ण आढळले. हा आजार परजीवी कृमींमुळे होतो आणि त्या कृमींना माणसापर्यंत पोहोचण्याआधी गोड्या पाण्यातील गोगलगाईत मुक्काम करावा लागतो. त्यामुळे रुग्णांच्या तपासणीइतकेच महत्त्व गोगलगाय ओळखण्याला आले. शोध पोहोचला तो फेरिसिया टेनुइस या चिमुकल्या, टोपीसारखे कवच असलेल्या गोगलगाईपर्यंत. पाणवठ्यातल्या अशा जीवाची ओळख आधीच कुणीतरी पटवून ठेवलेली नसेल, तर डॉक्टरांनी माग काढायचा कशाच्या आधारावर?

ही ओळख पटवणारी माणसे मात्र कमी होत चालली आहेत. नवी प्रजाती पहिल्यांदा गोळा केली जाण्यापासून तिचे वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे २०१२ मधील एका अभ्यासात आढळले. म्हणजे आज संग्रहालयाच्या बाटलीत पडलेला नमुना ओळखणारा माणूस कदाचित अजून शाळेत असेल. त्याला या विषयात नोकरी मिळेल का, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे सागरी संशोधनाचा विचार जहाजे आणि पाणबुड्यांच्या भाषेत होतो. त्या हव्यातच. पण वाळूच्या ढिगातून ओल्या कुंचल्याने एकेक शंख वेचणारा, जुन्या नमुन्यांशी तो ताडून पाहणारा आणि लेबल लावून जपणारा माणूस नसेल, तर जहाजाने आणलेला गाळ हा गाळच राहतो.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. किनारी प्रकल्पांच्या अहवालांत चार मिलिमीटरखालच्या जीवांची मोजदाद सक्तीची करावी. त्यातून निघणारे नमुने सार्वजनिक संग्रहात जमा व्हावेत आणि त्यांची छायाचित्रे कुणालाही पाहता यावीत. आणि वर्गीकरणशास्त्राच्या पदांकडे खर्च म्हणून पाहणे थांबावे. जगभरात समुद्रातील सव्वादोन लाखांहून अधिक प्रजातींना नावे मिळाली आहेत, तर एक ते दोन तृतीयांश प्रजाती अजून अनाम असाव्यात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांतल्या कित्येकांची एकमेव खूण म्हणजे वाळूतला रिकामा शंख. ती साक्ष अपुरी आहे, हे खरे. पण अपुरी साक्ष नोंदवून घेतली तर पुढे तपास तरी होऊ शकतो.