रंगरंगोटीचं तिकीट

प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक तिकीट असतंच. "कोड ब्लॉकला सिंटॅक्स हायलायटिंग लावणे." प्रायॉरिटी लो, अंदाज अर्धा दिवस. स्प्रिंट संपत आला की बोर्डावर काहीतरी हललेलं दिसावं म्हणून कोणीतरी ते उचलतो. शुक्रवारी दुपारी चार वाजता एखादी लायब्ररी शोधायची, स्क्रिप्टची एक ओळ आणि स्टाइलशीटची एक ओळ डकवायची, आवडेल ती काळी थीम निवडायची, डेमोत सगळ्यांनी "वा, मस्त दिसतंय" म्हणायचं, तिकीट बंद. खाली चहा.

हे तिकीट मी स्वतः आजवर तीनदा बंद केलंय. त्यातल्या दुसऱ्या वेळची गोष्ट सांगतो, म्हणजे या विषयावर माझं डोकं एवढं का तापतं ते कळेल.

मागच्या एका कंपनीत (नाव नको) आमच्या टीमचं एक अंतर्गत डॉक्युमेंटेशन टूल होतं. रात्री सिस्टीम आडवी झाली तर काय काय करायचं याच्या पायऱ्या त्यात लिहून ठेवलेल्या, म्हणजे रनबुक. पांढरं पान, काळी अक्षरं, दिसायला अगदी सरकारी. मी ते रंगवलं. काळी पाटी, हिरव्या कमांड्स, पिवळ्या स्ट्रिंग्ज, आणि कोपऱ्यात छानसं 'कॉपी' बटण. टीमने कौतुक केलं, मीही दोन दिवस छाती काढून फिरलो.

तीन-चार महिन्यांनी रात्री दोनला फोन वाजला. ऑन-कॉलला एक नवा मुलगा होता, कॉलेजातून येऊन जेमतेम सहा महिने झालेले. "सर, रनबुकमधली कमांड चालवली, आणि क्यू रिकामी झाली." रिकामी म्हणजे खरोखरच रिकामी. प्रोसेस व्हायच्या थांबलेल्या ऑर्डरी त्यात होत्या. मी झोपेतच लॅपटॉप उघडला, पान काढलं. कमांडच्या डोक्यावर एक ओळ होती, मीच कधीतरी लिहिलेली : फक्त स्टेजिंगवर चालवा, प्रॉडक्शनला आधी क्यूची कॉपी काढा. पण ती कॉमेंट होती ना! त्यामुळे माझ्या सुंदर थीमने ती काळ्या पाटीवर राखाडी रंगात, वर तिरकी करून, जवळजवळ पुसून टाकली होती. खालची कमांड मात्र झगझगीत हिरवी.

"कॉमेंट वाचली नाहीस का रे?"

"कुठली कॉमेंट, सर?"

त्याने माझंच कॉपी बटण दाबलं होतं. पूर्ण ब्लॉक टर्मिनलमध्ये गेला. कॉमेंट दिसली की ती सोडून द्यायची हे शेलचं कामच. माणसानेही तेच केलं, कारण मी त्याला पानावर तसंच सांगून ठेवलं होतं.

तो शनिवार लॉगमधून ऑर्डरी परत जुळवण्यात गेला. सोमवारी आरसीए झाला. मूळ कारण : ह्यूमन एरर. उपाय : ऑन-कॉलवाल्यांनी सूचना नीट वाचाव्यात. पुढे ते प्रकरण त्या मुलाच्या अप्रेझलमध्येही आलं. मी त्या मीटिंगमध्ये बसलो होतो आणि गप्प होतो. रंग मी निवडला होता हे मला शनिवारीच कळलं होतं.

असो. आता मुद्द्यावर येतो.

कॉमेंट राखाडी करायची ही रीत आली कुठून? तर ती एडिटरमधून आली. एडिटरमध्ये बसलेला माणूस स्वतःचाच कोड लिहीत असतो, कॉमेंटमध्ये काय आहे ते त्याला पाठ असतं, ती जरा मागे सरकली तर बिघडत नाही. सोलराइज्ड ही थीम घ्या. ईथन शूनोव्हरने २०११ मध्ये काढली, रंगांचा एवढा विचार करून केलेल्या थीम थोड्याच असतील. तिच्या गडद रूपात कॉमेंट आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट मोजून बघा, सुमारे २.८ ला १ येतो. साध्या मजकुरासाठी वेब ॲक्सेसिबिलिटीची डब्लूसीएजी नियमावली किमान ४.५ ला १ मागते. शूनोव्हरचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, कॉमेंट मागे ठेवायची हे त्याने ठरवून केलंय. चूक आपली. लिहिणाऱ्यासाठी बनवलेली थीम आपण उचलतो आणि वाचणाऱ्याच्या पानावर डकवतो. आणि तो वाचणारा बऱ्याचदा घाबरलेला असतो, अर्धवट झोपेत असतो, लॅपटॉपचा ब्राइटनेस खाली आणून शेजारी झोपलेल्या बायकोला उठवायचं नाही या बेताने बसलेला असतो.

आणि भडक काय असतं? तर 'इफ', 'एल्स', 'रिटर्न'. उद्या सकाळच्या पेपरात प्रत्येक 'आणि', 'पण', 'तर' लाल शाईत छापला आणि माणसांची नावं, आकडे साध्या काळ्यात ठेवले, तर तुम्ही संपादकाला वेड्यात काढाल. कोडच्या बाबतीत आपण हेच रोज करतो आणि वर त्याला 'रीडेबल' म्हणतो. कीवर्ड रंगवतो कारण कीवर्ड ओळखणं सोपं असतं. पन्नास शब्दांची यादी, झालं काम. वाचणाऱ्याला कशाची गरज आहे हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

सुरुवातीला हे असं नव्हतं, गंमत आहे ना? १९८५ मध्ये आयबीएमच्या माइक काउलिशॉने लेक्स नावाचा एडिटर लिहिला (त्याच्या स्पेलिंगला शेवटी दोन एक्स, युनिक्सवालं लेक्स वेगळं). कशासाठी, तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या संगणकीकरणासाठी. मार्कअपने भरलेल्या त्या मजकुरात कुठला तुकडा काय आहे हे डोळ्याला कळावं म्हणून त्यात रंग आणि वेगवेगळे टाइप वापरले होते, तेही टाइप करता करता पार्स करून. म्हणजे आधी रचना समजून घ्यायची, मग रंग द्यायचा. १९९८ च्या व्हिम ५.० मध्ये सिंटॅक्स हायलायटिंग आलं तोवर रेग्युलर एक्स्प्रेशन हाच राजमार्ग झाला होता, आणि बरेच हायलायटर आजही त्याच रस्त्याने चालतात.

रेग्युलर एक्स्प्रेशन अंदाज करतं, हे लक्षात घ्या. जावास्क्रिप्टमधली तिरकी रेघ भागाकाराची की रेजेक्स सुरू झाल्याची, हे आधी काय येऊन गेलं त्यावर ठरतं. सी मध्ये दोन नावांच्या मध्ये ताराचिन्ह आलं तर तो गुणाकार की पॉइंटरची घोषणा, हे पहिलं नाव टाइप आहे का ते माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. ते हायलायटरला कुठून माहीत असणार? तो ठोकून देतो. त्यावर कडी म्हणजे 'भाषा आपोआप ओळखा' हा पर्याय. हायलाइट.जेएससारख्या लायब्ऱ्या यासाठी एकेका भाषेची व्याकरणं लावून बघतात, गुण देतात, आणि ज्या भाषेला जास्त गुण ती खरी मानतात. पाच ओळींच्या कॉन्फिग फाइलला हा हिशेब लावला की कधी काय निघेल सांगता येत नाही. काळ्या-पांढऱ्या मजकुरावर मी निदान लक्ष देऊन वाचतो. चुकीच्या रंगावर मी विश्वास ठेवतो.

जाता जाता आपल्या घरचं एक उदाहरण. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला 'पगार' असं देवनागरी नाव देता येतं. आता पायथनच्याच रेजेक्स मोड्यूलला विचारा की यात शब्द किती, तर बॅकस्लॅश-डब्ल्यू गचा काना शब्दात धरतच नाही आणि 'पगार'चे दोन तुकडे करून हातात देतो! ज्या हायलायटरचा लेखक त्याच्या भरवशावर राहिला, त्याच्या पानावर तुमचा पगार कापला गेला म्हणून समजा :-) पिगमेंट्सच्या पायथन लेक्सरने मात्र युनिकोडचे आयडेंटिफायरचे नियम नीट पाळलेत, हे मान्य करायला हवं.

त्याच पिगमेंट्सची दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे 'नुसती रंगरंगोटी तर आहे' म्हणणाऱ्यांना उत्तर मिळेल. २०२१ मध्ये कळलं की त्याच्या स्टँडर्ड एमएल भाषेच्या लेक्सरला फक्त 'एक्सेप्शन' हा एक शब्द असलेली फाइल दिली की तो अनंत फेऱ्यांत अडकतो. १.५ पासून २.७.३ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्यांत हा दोष होता. एक शब्द! लोकांनी पाठवलेला कोड सर्व्हरवर रंगवून देणाऱ्या कुठल्याही प्रोजेक्टला तेवढा पुरे. म्हणजे शुक्रवारी चार वाजता आपण थीम निवडत नव्हतो, बाहेरून येणाऱ्या मजकुरावर शेकडो पार्सर मोकळे सोडत होतो. सिक्युरिटी रिव्ह्यू? "अहो, फक्त सीएसएसचा बदल आहे."

आता तुमच्यातला एकजण म्हणेल, मग रंग नकोतच का? गो भाषेच्या रॉब पाइकला ते नको असतात, हे प्रसिद्ध आहे. मी तिथपर्यंत जात नाही. स्ट्रिंगचं शेवटचं अवतरणचिन्ह राहिलं की खालची अर्धी फाइल पिवळी होते आणि चूक क्षणात सापडते, हे सुख मला सोडवत नाही. एडिटरमध्ये तुम्ही इंद्रधनुष्य लावा, तिथे तुमचे डोळे आणि तुमचा कोड. माझं भांडण आहे ते दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी अर्ध्या दिवसात निर्णय घेण्याशी. ट्री-सिटर आहे, २०१८ मध्ये ॲटम एडिटरमध्ये आलं. ॲटम २०२२ मध्ये बंद पडला पण ट्री-सिटर टिकलं, आणि ते खरोखर पार्स करतं. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये २०२० पासून सिमँटिक टोकन आहेत, त्यात नावाचा अर्थ बघून रंग ठरतो. हत्यारं कमी नाहीत. तरीही आपण पहिली सापडलेली थीम लावतो, आणि तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात तसं डेमो संपला की पुन्हा त्या पानाकडे बघतही नाही.

तिसरं तिकीट गेल्या महिन्यात माझ्याकडे आलं. या वेळी मी अर्ध्या दिवसाऐवजी तीन दिवस मागितले आणि मॅनेजरने भुवया उंचावल्या. पानं बिल्ड करतानाच रंगवून ठेवली, वाचणाऱ्याच्या ब्राउझरला काम नाही. प्रत्येक ब्लॉकवर भाषेचं नाव हाताने लिहिलं, नाव नसेल तर बिल्ड मोडतो. पानावर सगळ्यात ठळक कॉमेंट : गडद नारिंगी, जाड, डाव्या बाजूला उभी रेघ, म्हणजे रंग न ओळखणाऱ्यालाही ती दिसेल. काहीही पुसून टाकणारी कमांड असेल त्या ब्लॉकला कॉपी बटणच नाही. ती हाताने टाइप करा, तेवढा वेळ विचार होईल. कीवर्ड काळे. मग ब्लॉक सिलेक्ट करून टर्मिनलमध्ये डकवून पाहिला, ओळींचे आकडे आणि सुरुवातीचं डॉलरचिन्ह सोबत येतंय का ते बघायला. येत होतं. चौथा दिवस त्यात गेला. डेमोत कोणी वा म्हणालं नाही. मॅनेजर म्हणाला, "जरा डल नाही वाटत?"

त्याच संध्याकाळी मी त्या मुलाला मेसेज केला. आता तो दुसरीकडे आहे, बंगळुरात, चांगला सिनियर झालाय. त्या रात्रीचा रंग माझा होता आणि मी मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं, एवढंच लिहिलं. तासाभराने उत्तर आलं. "सर, ते मला तेव्हाच लक्षात आलं होतं. म्हटलं, तुम्ही बोलाल." आणि खाली आणखी एक ओळ : "मी अजून रनबुक उघडलं की आधी सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये टाकतो, मग वाचतो."