बजरची कटकट

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या घरच्या कार्यानिमित्त आम्हांस उधन्यास जाण्याचा योग आला. सुरत शहरास लागून असलेले हे गाव आता शहरातच मिसळून गेले आहे. येथील जंक्शनातून जळगावकडे जाणारा ताप्तीकाठचा लोहमार्ग फुटतो, आणि त्याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे येऊन येथील मागांवर, साड्यांच्या गोदामांत व मालमोटारींवर पोटास लागली. त्यामुळे भर गुजराथेत बाजारास निघावे तो कानी अहिराणी पडते, हा अनुभव मोठा सुखाचा वाटतो.

आमचे यजमान असेच नंदुरबारकडचे. कर्ज काढून त्यांनी एक मालमोटार घेतली असून तीवर ते साड्यांची पार्सले घेऊन बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर असे करीत धुळ्यापर्यंत जातात. घरी पत्नी, वृद्ध आई व दोन शाळकरी मुले आहेत. कार्याच्या दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन गॅरेजात निघाले, तेव्हा आम्हीही हौसेने शेजारी बसलो. गाडी सुरू झाली मात्र, समोरच्या फळीतून असा काही कर्कश आवाज सुरू झाला की आम्ही दचकून दाराची कडी धरली! यजमान हसून म्हणाले, “भाऊ, हा आमचा बजर. पंधरा दिवस झाले, असाच कोकलतो. थोडा वेळ गप्प बसतो, पुन्हा सुरू होतो. रात्री घरी निजलो तरी कानांत वाजतच असतो. आज त्याची वायरच तोडून टाकायची.”

गॅरेज येईपर्यंत आमचे डोके उठले होते, हे कबूल केले पाहिजे. म्हणून तेथील तरुण वायरमन पक्कड घेऊन आला व “काका, दोन मिनिटांचे काम आहे,” असे म्हणाला, तेव्हा आम्हांसही बरेच वाटले. आमची विद्या सायकलच्या पंक्चरपुढे गेलेली नाही. तो बजर कशासाठी वाजतो हे विचारण्याचेही आम्हांस सुचले नाही. पलीकडे खाटेवर चहा पीत बसलेले म्हातारे मिस्त्री तेवढे ओरडले, “अरे, आधी काटा बघ!”

काटा म्हणजे हवेचा दाब दाखविणारा. जड मालमोटारीचा ब्रेक पायाच्या जोरावर लागत नाही, तो दाबलेल्या हवेवर लागतो. इंजिनाबरोबर फिरणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरीत असतो. चालकाने पाय दाबला की ती हवा नळ्यांतून चाकांपाशी जाते व ब्रेक आवळते. टाकीतील हवा ठरलेल्या मर्यादेखाली उतरली की बजर वाजू लागतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सकाळी तो थोडा वेळ वाजतो, त्यात वावगे काही नाही. हवा भरली की थांबतो. परंतु चालत्या गाडीत तो पुन्हा पुन्हा वाजतो, याचा अर्थ दोहोंपैकी एक. काटा भरपूर हवा दाखवीत असून बजर वाजत असेल, तर त्याची कळ किंवा तार बिघडली आहे. काटाही खाली आला असेल, तर हवाच कोठेतरी जाते आहे.

मिस्त्रींनी चाकांना लाकडी ठोकळे लावविले, टाक्या भरू दिल्या व इंजिन बंद केले. आम्ही सर्व त्या काट्याकडे टक लावून बसलो. तो सावकाश उतरू लागला. मग पोऱ्याने साबणाचे पाणी आणले व ते एकेका नळीवर ओतले. मागच्या डाव्या चाकापाशी जाणाऱ्या रबरी नळीवर फेसाचे बुडबुडे फुटू लागले, तेव्हा यजमानांचा चेहरा उतरला. त्या पंधरा दिवसांत ते तीन वेळा कोंडाईबारीचा घाट करून आले होते.

घाटाच्या उतारावर ब्रेक वरचेवर दाबावा लागतो, आणि प्रत्येक दाबणीस टाकीतील थोडी हवा खर्च होते. त्यातच नळी फुटलेली. कित्येक चालक डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. काही तर इंजिनही बंद करतात. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, हे त्या घटकेस कोण ध्यानात घेतो? हवा फारच उतरली, तर मागच्या चाकांवरील बळकट स्प्रिंगा सुटतात व ब्रेक आपोआप आवळला जातो. हवा गेल्यास गाडी थांबावी, हे तत्त्व अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी 1872 साली आगगाडीच्या ब्रेकात आणले. 1869 साली त्यांनी प्रथम बनविलेल्या ब्रेकात ही सोय नव्हती. पण भरल्या गाडीची चाके उतारावर, वळणावर एकाएकी आवळली जाणे हेही संकटच होय. ती पाळी येण्यापूर्वी चालकाने गाडी कडेस घ्यावी, एवढ्याचसाठी बजर आधी ओरडतो.

आता नव्याने बनणाऱ्या जड मालमोटारींत चालकाच्या कक्षास वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. उन्हाळ्यात बारा-बारा तास गाडी हाकणाऱ्यास ते सुख मिळालेच पाहिजे. मात्र काचा बंद झाल्या की बाहेर सुटणाऱ्या हवेची फुसफुस कानी येणार नाही.

आवाज गप्प करण्याचा हा मोह काही ट्रकवाल्यांचाच नाही. मोटारीत आसनपट्टा न बांधल्यास घंटी वाजते. ती बंद राहावी म्हणून नुसती लोखंडी जीभ खाचेत अडकवून ठेवणारे सुशिक्षित गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. 4 सप्टेंबर 2022 रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला, तो याच मुंबई–अहमदाबाद महामार्गावर. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता आणि ते दोघेही दगावले. त्यानंतर सरकारचे लक्ष अशा जिभांच्या उघड विक्रीकडे गेले, आणि 2023 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांविरुद्ध आदेश काढले. एकंदर 13,118 जाहिराती काढाव्या लागल्या. घंटी बुजविण्याचा धंदा केवढा, तो या आकड्यावरून दिसतो.

मेक्सिकोच्या आखातात 20 एप्रिल 2010 रोजी तेलविहिरीच्या तरंगत्या फलाटावर स्फोट होऊन 11 कामगार मेले. पुढे चौकशीपुढे तेथील एका तंत्रज्ञाने साक्ष दिली की, सार्वत्रिक धोक्याचा भोंगा आपोआप वाजू नये अशी योजना करून ठेवली होती; खोट्या इशाऱ्याने पहाटे तीन वाजता माणसांची झोपमोड होऊ नये, हे तिचे कारण. झोपमोड टाळण्याच्या त्या इच्छेत दुष्टपणा कोठे होता? आम्हांस तर तीत आमच्या यजमानांचा थकलेला चेहराच दिसतो.

म्हणून चालकासच दोष देऊन मोकळे होणे आम्हांस बरे वाटत नाही. खरोखर बिघडलेला बजर विनाकारण वाजत राहिला की कान त्यास सरावतात, आणि खऱ्या वेळी त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. शिवाय नव्या गाड्यांत पट्ट्याची घंटी निराळी, एक्झॉस्टच्या शुद्धीसाठी लागणाऱ्या द्रवाची निराळी, वेगाची निराळी. गाडी बनविणाऱ्यांनी जिवाच्या धोक्याचा आवाज तरी इतरांहून वेगळा, ओळखू येईल असा ठेवावा. आणि कळ बिघडली असेल तर कळ बदलावी, तार कापू नये. कळ काही फार महाग नसते.

नळी तासाभरात बदलून झाली. मिस्त्रींनी मग टाक्यांच्या तळाचे पाणी सोडून दाखविले. हवेतील ओलावा तेथे साठतो, म्हणून ते वरचेवर सोडावे, असे ते म्हणाले. यजमानांनी इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबला. काटा खाली आला, आणि बजर ठणठणीत ओरडला. वायरमन पोरगा पक्कड खिशात घालीत म्हणाला, “काका, आता तर वाजतोच आहे की!”

“वाजू दे,” यजमान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही अंथरुणात असतानाच अंगणापलीकडून तो आवाज आला. त्यांच्या पत्नी चुलीपाशी डबा भरीत होत्या. त्या हात थांबवून ऐकत राहिल्या. थोड्याच वेळाने आवाज आपोआप थांबला. तेव्हा त्यांनी डब्याचे झाकण लावले व तो मुलाच्या हाती बाहेर पाठविला.