जुन्या फियाटची बैठक : आराम आणि अस्सलपणा यांचा वाद

१/ ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव १९७४ साली रूढ झाले. त्या नावाच्या पहिल्या गाड्यांनी २०२४मध्ये पन्नाशी गाठली. अशी गाडी जपणाऱ्यांमध्ये सर्वाधिक वाद होतो तो इंजिनावरून नव्हे, बैठकीवरून. मूळ बैठक काढून आधुनिक, आरामदायी आसने बसवावीत काय? या धाग्यातले मत असे : बसवावीत, पण बदल पुन्हा उलटवता येईल अशाच रीतीने, आणि त्याआधी मूळ बैठकीला एक संधी देऊन.

२/ थोडी पार्श्वभूमी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४मध्ये ‘डिलाइट’ आली आणि तीच गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली. म्हणजे पद्मिनीची बैठक ही मुळात पन्नास-साठच्या दशकांतील इटालियन कुटुंबाच्या गाडीची बैठक होय.

३/ पुढची बैठक बाकासारखी सलग होती, आणि त्यामागे कारण होते. गिअरचा दांडा जमिनीवर नसून स्टिअरिंगला लागून होता. त्यामुळे चालकाच्या डाव्या हाताची जागा मोकळी राहिली आणि पुढे तिघांना बसता येऊ लागले. ही बैठक गाडीच्या यांत्रिक रचनेतूनच आलेली आहे. ती काढली की त्या रचनेचे एक स्पष्टीकरणही गाडीतून निघून जाते.

४/ मग ती टोचते का? अनेकदा दोष रचनेचा नसून वयाचा असतो. स्प्रिंगा खचतात, भरण दबून त्याचा भुगा होतो, रेक्झिन ताठरते. चालक खड्ड्यात बसल्यासारखा खाली जातो आणि कंबरेचा आधार नाहीसा होतो. मूळ सांगाडा तसाच ठेवून स्प्रिंगा बदलल्या, कंबरेखाली घट्ट व वर मऊ फोम भरला, आणि जुन्या शिवणीप्रमाणेच खोळ चढवली, तर निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच मिटतात.

५/ तरीही दुसऱ्या पक्षाचे म्हणणे खरे आहे. या बैठकीला डोक्याचा आधार नाही. मागून धडक बसल्यास मान झटक्याने मागे जाते. याच कारणाने अमेरिकेने १९६९पासून नव्या मोटारींच्या पुढील आसनांना डोक्याचा आधार सक्तीचा केला. वळणावर शरीराला धरून ठेवील असा कडेचा आधारही येथे नाही. पाठीचे दुखणे असलेल्या मालकाला ‘अस्सलपणासाठी सोसा’ असे सांगणे म्हणजे ती गाडी कायमची आच्छादनाखाली ढकलणे होय. न चालणारी गाडी लवकर मरते.

६/ खरा धोका पुढे आहे. आजच्या हॅचबॅकमधील बकेट सीट आणली की तिचे रूळ जुन्या छिद्रांशी जुळत नाहीत. मग जमिनीचा पत्रा कापला जातो, नव्या पट्ट्या वेल्डिंगने जोडल्या जातात. अपघातात आसनासह माणसाचा सारा भार याच जोडांवर येतो. जुन्या, गंजलेल्या पत्र्यावर असा प्रयोग जिवावर बेतू शकतो. शिवाय उंची दोन-तीन इंचांनी बदलली तरी स्टिअरिंग मांडीला घासू लागते किंवा डोके छताला टेकते.

७/ नियम काय सांगतात? भारत सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, ही त्यातली मुख्य अट. म्हणजे खोळ किंवा फोम बदलणे वेगळे आणि पत्रा कापणे वेगळे. ‘फिवा’ या जागतिक संघटनेची २०१२मधील ट्यूरिन सनदही हाच विवेक सुचवते : आवश्यक बदल शक्यतो उलटवता येण्याजोगे असावेत आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत.

८/ खुद्द कारखान्यानेही बैठक बदलली होती. अखेरच्या काळातील ‘एस१’ आवृत्तीत पुढे बकेट सीट आल्या, कारण गिअरचा दांडाच जमिनीवर आला होता. बदल निषिद्ध नव्हता. तो रचनेशी सुसंगत होता. आजच्या मालकाने यातून घ्यायचा धडा इतकाच.

९/ ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. ज्या बैठकीवर या शहराच्या कित्येक पिढ्या दाटीवाटीने बसल्या, ती आता मुख्यतः खासगी मालकांच्या हाती उरली आहे. भंगारवाल्याला विकलेली मूळ बैठक परत मिळत नाही. त्या जागी नवी घडवली तरी ती नक्कलच ठरते.

१०/ म्हणून क्रम असा असावा : आधी मूळ बैठकीची दुरुस्ती. ती पुरेशी न ठरल्यास मूळ छिद्रांतच बोल्टने पक्की बसणारी, डोक्याला आधार देणारी आसने. आणि काढलेली बैठक कोरड्या जागी, गाडीच्या कागदपत्रांइतक्याच काळजीने जपलेली. आजचा मालक आरामात गाडी चालवील आणि उद्याच्या मालकाला पाना घेऊन ती मूळ रूपात आणता येईल. जे काम पान्याने उलटते ते करावे. ज्याला गॅसकटर लागतो ते टाळावे.