काचेतला शब्द आणि रेडिओवरचे मौन : सेक्स पिस्टल्सच्या पहिल्या अल्बमची दुसरी बाजू

१/ २४ नोव्हेंबर १९७७. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहराच्या दंडाधिकारी न्यायालयात एका शब्दावर खटला चालला. कायदा होता १८८९ चा, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. आरोपी होता एका रेकॉर्डच्या दुकानाचा व्यवस्थापक. आणि शब्द होता ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक रॉक बँडच्या पहिल्या स्टुडिओ अल्बमच्या नावातला. #थ्रेड

२/ अल्बमचे नाव ‘नेव्हर माइंड द बॉलक्स, हिअर्स द सेक्स पिस्टल्स’. यातील ‘बॉलक्स’चा शब्दशः अर्थ वृषण, बोलीभाषेत मात्र ‘फालतू बडबड’. जेमी रीड या चित्रकाराने पिवळ्या पार्श्वभूमीवर, वर्तमानपत्रातून कापून चिकटवल्यासारख्या अक्षरांत हे नाव मांडले होते. तेच नाव दुकानाच्या काचेत झळकले आणि पोलीस येऊन ठेपले.

३/ पंकच्या इतिहासात हा खटला बंडखोरांचा विजय म्हणून सांगितला जातो. ती गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. न्यायालयात जे घडले ते या अल्बमच्या वाट्याला आलेले सर्वांत सौम्य संकट होते. खरी मुस्कटदाबी न्यायालयाबाहेर, कोणत्याही आरोपपत्राविना आधीच होऊन गेली होती. तिच्याकडे इतिहासाचे लक्ष कमी जाते.

४/ आधी काळ समजून घ्यायला हवा. १९७५ मध्ये ब्रिटनमधील महागाईवाढीचा दर २४ टक्क्यांवर गेला होता. १९७६ मध्ये एकेकाळच्या या साम्राज्याला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी हात पसरावा लागला. बेकारांची संख्या दहा लाखांपलीकडे होती. शाळा सोडणाऱ्या कामगारवस्तीतील मुलांना पुढे काहीच दिसत नव्हते. त्या वैफल्याला या बँडने आवाज दिला. गायक जॉन लायडन, म्हणजेच ‘जॉनी रॉटन’, हा लंडनमध्ये वाढलेला, आयरिश स्थलांतरित कुटुंबातला मुलगा.

५/ ऑक्टोबर १९७६ मध्ये ईएमआय या बलाढ्य कंपनीने बँडशी करार केला. १ डिसेंबरला थेट प्रक्षेपित होणाऱ्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात मुलाखतकाराने डिवचले आणि बँडने शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांचे मथळे पेटले. त्या महिन्यातील दौऱ्याचे बहुतेक कार्यक्रम नगरपरिषदांनी आणि सभागृहांनी रद्द केले. ईएमआयच्या कारखान्यातील काही कामगारांनी तर त्यांच्या रेकॉर्डना हात लावायलाही नकार दिला.

६/ जानेवारी १९७७ मध्ये ईएमआयने करार मोडला. मार्चमध्ये ‘ए अँड एम’ कंपनीने बकिंगहॅम राजवाड्याबाहेर छायाचित्रकारांसमोर नवा करार केला आणि आठवडाभरात तोही मोडला. छापून झालेल्या रेकॉर्डपैकी बहुतेक नष्ट करण्यात आल्या. मे महिन्यात ‘व्हर्जिन’ने बँडला आसरा दिला. अल्बमच्या अखेरच्या गाण्याचे नावच ‘ईएमआय’ आहे. ते याच प्रकरणाचा हिशेब चुकता करते.

७/ मे १९७७ च्या अखेरीस ‘गॉड सेव्ह द क्वीन’ हे गाणे आले. तेव्हा देश एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव साजरा करत होता. बीबीसीने हे गाणे वाजवले नाही. स्वतंत्र प्रसारणाच्या नियामक संस्थेनेही त्याला दार बंद केले. तरीही ते विक्रीच्या अधिकृत यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. काही ठिकाणी लावलेल्या याद्यांत मात्र त्या क्रमांकासमोरची जागा कोरी ठेवण्यात आली.

८/ ती कोरी जागा हाच या साऱ्या प्रकरणाचा सर्वांत बोलका दस्तऐवज मानला पाहिजे. राजेशाहीवर थेट बोट ठेवणाऱ्या गाण्यावर खटला भरला गेला नाही, कारण खटला भरला की गाण्याचा अर्थ न्यायालयात उलगडावा लागला असता. खटला भरला गेला तो काचेतल्या एका शब्दावर. विचाराला मौनाने उत्तर दिले गेले. कायद्याची वेळ आली ती केवळ शब्दासाठी.

९/ मौनाची किंमतही लहान नव्हती. जून १९७७ मध्ये लंडनमध्ये लायडनवर सुऱ्यांनी हल्ला झाला. ड्रमवादक पॉल कुक यालाही मारहाण झाली. सभागृहे बंद असल्याने ऑगस्टमध्ये बँडने ‘स्पॉट्स’ या टोपणनावाखाली गुपचूप कार्यक्रम केले. देशातील सर्वाधिक चर्चेतल्या बँडला स्वदेशात नाव लपवून गावे लागले. बंदीचा हुकूम मात्र कोणत्याही न्यायालयाने दिला नव्हता.

१०/ अशा परिस्थितीत तयार झालेला अल्बम ऐकायला मात्र विस्कळीत नाही. पंक म्हणजे कोणीही उठावे आणि वाजवावे, अशी समजूत असते. येथे निर्माता होता बीटल्स आणि रॉक्सी म्युझिक यांच्यासोबत काम केलेला क्रिस थॉमस; ध्वनिमुद्रणाची बाजू बिल प्राइसने सांभाळली. स्टीव्ह जोन्सच्या गिटारचे थरावर थर चढवून आवाजाची अभेद्य भिंत उभी केली गेली. नवा बासवादक सिड व्हिशस याला वाद्य जेमतेम येत असल्याने बहुतेक बासही जोन्सनेच वाजवला. संताप खरा होता. त्याला घाट मात्र कसबी हातांनी दिला.

११/ २८ ऑक्टोबर १९७७ रोजी अल्बम प्रसिद्ध झाला. बूट्स, वूलवर्थ्स आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या साखळी दुकानांनी तो ठेवण्यास नकार दिला. तरीही तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

१२/ आणि मग नॉटिंगहॅम. बचावाची बाजू मांडायला आले जॉन मॉर्टिमर, नामांकित वकील आणि साहित्यिक. त्यांनी साक्षीला बोलावले नॉटिंगहॅम विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ले यांना. हा शब्द सुमारे हजार वर्षे जुना असून मूळ अर्थ ‘लहान गोळा’. पुढे तो धर्मोपदेशकांचे टोपणनाव आणि ‘निरर्थक बोलणे’ या अर्थांनीही रूढ झाला, असे त्यांनी सांगितले. वृत्तपत्रांनी छापला तर चालणारा शब्द दुकानाच्या काचेत गुन्हा कसा ठरतो, हा बचावाचा दुसरा मुद्दा.

१३/ निकाल : निर्दोष. दंडाधिकाऱ्यांनी तो अनिच्छेने दिला. नफ्यासाठी माणसाच्या हीन प्रवृत्तींना हात घातल्याबद्दल त्यांनी तीव्र नापसंती नोंदवली. पण पुराव्यापुढे त्यांना सोडून देणे भाग होते. न्यायालयाचे मोठेपण येथेच दिसते. तेथे आरोप लेखी असतो, साक्षीदार आणता येतो, आणि न्यायाधीशाला न आवडलेला माणूसही सुटू शकतो. कोऱ्या ठेवलेल्या जागेविरुद्ध अपील कोठे करायचे?

१४/ यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला : हा वाद व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेनने प्रसिद्धीसाठी पेटवला होता. त्यात तथ्य आहे. वादाचा बाजार त्याला उत्तम कळत होता. पण हेतू व्यापारी होता म्हणून बंद दारे उघडी ठरत नाहीत. दुसरा : बंदीमुळेच तर विक्री वाढली! हा लाभ त्यालाच होतो, ज्याच्यामागे कंपनी, वकील आणि मथळे असतात. ज्या बँडचे नावच कधी छापले गेले नाही, त्याच्यासाठी बंद सभागृह म्हणजे केवळ बंद सभागृहच असते.

१५/ १४ जानेवारी १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यक्रमानंतर बँड फुटला. पहिला स्टुडिओ अल्बमच शेवटचा ठरला. आज तो रॉकच्या अभिजात कृतींत गणला जातो, आणि त्याचे पिवळे मुखपृष्ठ टी-शर्टवर निर्धास्तपणे मिरवले जाते.

१६/ सेन्सॉरशिपचा इतिहास लिहिताना आपण खटल्यांच्या नोंदी शोधतो, कारण त्या सापडतात. नकार दिलेल्या दुकानांची, न वाजलेल्या गाण्यांची, रद्द झालेल्या कार्यक्रमांची नोंद सहजी मिळत नाही. सेक्स पिस्टल्स प्रसिद्ध होते म्हणून त्यांची कोरी जागा निदान लक्षात तरी राहिली. इतिहासाच्या अभ्यासकाने यादी वाचताना क्रमांकांइतकेच लक्ष अशा रिकाम्या जागांकडेही द्यायला हवे.